हत्यार आणि हथियार यांतील घोळामुळे जप्त झालेला कटर परत मिळणेबाबत

प्रति,
माननीय पोलीस निरीक्षक साहेब,
वणसोली ग्रामीण ठाणे, जि. बडोदे

विषय : जप्त अवजारे, निदान बोल्ट कटर, आज दुपारच्या आत परत मिळणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराविरुद्ध परवा नोंदलेली फिर्याद.

महोदय,

अर्जदार योगिनी मल्हारराव धायबर, राहणार मांडवी, बडोदे, हिचा अर्ज खालीलप्रमाणे. आपण मराठी वाचता असे ठाण्यात कळले. गुजरातीतल्या एका शब्दापायी अर्जदाराचे दोन दात गेले आहेत. उरलेले राखावेत म्हणून अर्ज मराठीत केला आहे.

१. चिखलात आणि महीकाठच्या घळींत रुतलेल्या गाड्या आपल्या जीपने ओढून काढणे हा अर्जदाराचा धंदा आहे. वाटेत कुलूपबंद फाटके लागतातच, म्हणून जीपमध्ये बोल्ट कटर, पहार आणि घण कायम असतात. आधी मालकाला फोन करायचा, त्याने न उचलल्यास कुलूप कापायचे, आणि परतताना स्वतःचे नवे कुलूप लावून किल्ली शेजारच्या शेतावर द्यायची, असा तिचा शिरस्ता आहे. आजवर कोणी वांधा काढलेला नाही.

२. अर्जदाराची धाकटी बहीण अस्मिता करजणच्या बाजूला सामरवाड्याला दिली आहे. नवरा प्रतापसिंह हांडे तिला मारतो. पूर्वी हाताने मारी, हल्ली पंपाच्या पट्ट्याने मारतो. रविवारी तिचा फोन आला, "ताई, ह्यांनी फाटकाला कुलूप घातलंय, तू ये." पुढे फोन आपटल्याचा आवाज आला. अर्जदार तशीच निघाली. शेताच्या वाटेवरची दोन फाटके तिने कापली. तिसऱ्यापाशी प्रतापसिंहाचे गडी आणि गावकरी उभे होते.

३. गाडीत काय आहे, असे एकाने विचारले. अर्जदाराच्या घरी रंध्यापासून घणापर्यंत सगळ्याला हत्यारेच म्हणतात. घाईत तेच तोंडून गेले, "हथियार छे, बीजुं कंई नथी." 'ओजार' म्हणायला हवे होते. जन्म बडोद्यात जाऊन ही चूक व्हावी, याची तिला लाज वाटते. लोकांनी शस्त्रे ऐकली. त्यांनी तिला केसांना धरून खाली ओढले, तिचाच घण तिच्या बरगड्यांवर घातला आणि दांडा तोंडावर मारला. प्रतापसिंह फाटकाच्या आत उभा होता. तो मराठी घरचा, हत्यारे म्हणजे काय ते त्याला पक्के ठाऊक. तो चकार शब्द बोलला नाही. बरगड्यांपेक्षा हे जास्त दुखते.

४. पंचनाम्यात अवजारांवर रक्ताचे डाग लिहिले आहेत. कटर आणि पहारीवर दसऱ्याच्या पूजेचे कुंकू आहे. घणाच्या दांड्यावर मात्र रक्तच आहे आणि ते अर्जदाराचे आहे. हवालदार नंदूभाई यांनी नवरा-बायकोच्या भांडणात पडू नये असे समजावून जीप तेवढी सोडली.

५. आज सकाळी शेजारच्या शेतावरील मंदाबेन यांनी फोनवर कळवले की अस्मिता अंथरुणातून उठत नाही, बोललेले तिला समजत नाही आणि प्रतापसिंह डॉक्टरला आत घेत नाही. फाटकाला आता दोन कुलपे आहेत.

सबब विनंती अशी की, फिर्यादीतला शब्द दुरुस्त करायचा की नाही ते सावकाश ठरवावे. कलमे लागायची ती लागोत. कटर तेवढा द्यावा. अथवा आपण शिपाई घेऊन यावे व स्वतःच्या हाताने कुलपे कापावीत. अर्जदार मागे उभी राहील, तोंडही उघडणार नाही.

दुपारपर्यंत दोहोंपैकी काहीच न झाल्यास फाटक जीपने पाडण्यात येईल. त्या वेळी गाडीत कोणत्याही भाषेतले हत्यार नसेल. त्यास पूर्वपरवानगी लागत असल्यास हाच अर्ज समजावा.

आपली, दुपारपर्यंत नम्र,
योगिनी मल्हारराव धायबर
दि. ७ ऑक्टोबर २०२५

सोबत : बरगड्यांचा एक्स-रे.
प्रत : श्री. प्रतापसिंह हांडे, सामरवाडा, यांना माहितीसाठी, व दुपारी फाटकाजवळ उभे न राहण्यासाठी.