डेसची लाल गाडी आणि हिलरीचं छप्पर

७ सप्टेंबर, रविवार
आजपासून गाडी. डेसच्या कपाटात जोडायच्या मॉडेल गाड्यांच्या डब्यांची चळत आहे, त्यातला सगळ्यात भारी डबा काढला. इटालियन स्पोर्ट्सकार. लाल, दोन सीटची, प्लॅस्टिकची, हातभरसुद्धा नाही. डब्यावर लिहिलंय, अनुभवी लोकांसाठी. माझा नवरा वीस वर्षं असल्या गाड्या जोडतोय आणि त्याला घरातला बल्ब बदलता येत नाही. तेव्हा अनुभवी म्हणजे काय ते समजलं.

बेत असा. नोव्हेंबरात चर्चच्या हॉलमध्ये त्याच्या मॉडेल क्लबाचं प्रदर्शन असतं. नवख्यांच्या गटाचा परीक्षक दरवर्षी डेस. त्याची आई वारली त्या आठवड्यातसुद्धा गेला होता. म्हणजे रिलहून येणारच. टेबलावर गाडी बघणार. कुणाची, विचारणार. मी म्हणणार, माझी. मग तो बॅग उचलून सरळ घरी.

मार्चपासून तो रिलला आहे, वेल्सच्या किनाऱ्यावर, बहिणीकडे. हिलरीच्या छपराचं काम. बैठं घर, छप्पर असून असून किती असणार. पण डेस कामाला मंदच.

९ सप्टेंबर, संध्याकाळ
डबा उघडला. सूचनांचा कागद चादरीएवढा. वाचला नाही. चित्रं आहेत की. मी पंधराव्या वर्षी शाळा सोडली, आणि आता शाळेच्याच स्वयंपाकघरात शेकडो पोरांचं जेवण करते. कागद लागत नाही.

डेसचा बारीक चिमटा सापडेना. नेला असणार. छपराला चिमटा कशाला लागतो देव जाणे. माझा भुवयांचा घेतला. फक्कड चालतो.

१३ सप्टेंबर
इंजिन झालं. मुंगीची हाडं जोडतोय असं वाटतं. तीन तुकडे उरले. जास्तीचे घालत असतील.

एक आरसा कार्पेटवर उडाला. सापडला नाही. हूवर, म्हणजे कचरा ओढायचं मशीन, लावला नाही. मागे डेसचं एक चाक हूवरमध्ये गेलं होतं तर दोन दिवस बोलला नव्हता. चाकच ते. बोटाच्या नखाएवढं.

१६ सप्टेंबर
शाळेत मर्लला सांगितलं. आम्ही दोघी एकाच टेबलावर भाज्या चिरतो. मर्ल म्हणाली, "ग्लेंडा, एवढ्या दिवसात कॅथीड्रलचं छप्पर झालं असतं." मी म्हटलं, तुला छपरातलं काय कळतं. तर म्हणे, "छपरातलं नाही, नवऱ्यांतलं कळतं. माझे दोन गेलेत."

मी कस्टर्ड ढवळत राहिले. गाठी झाल्या.

२१ सप्टेंबर, रविवार
डब्यात डॅशबोर्ड दोन निघाले, एक डाव्या स्टिअरिंगचा, एक उजव्या. उजवा बसवला, माणसासारखा. मग बघते तर पेडल मी आधीच डावीकडे चिकटवलेली. निघत नाहीत. राहू देत. आमच्या खऱ्या गाडीतही असंच होतं. स्टिअरिंगवर मी, आणि ब्रेक शेजारी बसून डेस दाबायचा. आमच्या किडरमिन्स्टरपासून रिलपर्यंत नुसता पाय आपटायचा.

आता गाडीत शेजारच्या सीटवर खरेदीची पिशवी ठेवते. ती गप्प बसते.

५ ऑक्टोबर
रंग. कागदावर म्हणतात पातळ हात द्या, वाळू द्या, पुन्हा द्या. ज्यांना उद्योग नाही त्यांच्यासाठी ते. मी स्प्रेचा एकच जाड हात दिला, स्वयंपाकघरातच. बाहेर पाऊस, आत केटलची वाफ. दुपारी बघते तर लाल गाडीवर दुधाची साय.

नॉर्मनला फोन केला. क्लबचा सेक्रेटरी, ऐंशीच्या पुढचा, फोन उचलणारा एकटाच. म्हणाला, "ओलसर हवेत स्प्रे मारायचा नसतो गं. डब्यावर लिहिलंय." सगळं डब्यावरच लिहितात. माणसाने माणसाला सांगायचं की नाही? खरवडून पुन्हा देणार.

मग विचारलंन, डेस कसा आहे. म्हटलं, छपरावर. तर तो म्हणे, "अजून? मला वाटलं तिकडच्याच क्लबात रमलाय. मागच्या महिन्यात एका प्रदर्शनात त्यांच्या टेबलावर भेटला."

पावसात छपराचं काम बंद राहत असणार. माणसाने वेळ तरी कसा घालवायचा.

१९ ऑक्टोबर, रविवार
रंग चौथ्यांदा दिला. आता बरा आहे. दारावर ओघळ आलाय. उजेडाकडे पाठ केली की दिसत नाही.

नॉर्मन म्हणाला, जाणकार लोक गाडीत कार्पेट घालतात, कापडाचा बारीक तुकडा. घरभर शोधलं. शेवटी बाथरूमच्या दारामागे डेसचा ड्रेसिंग गाऊन. तपकिरी, लोकर झिजून अगदी बारीक झालेली. खिशाचा तुकडा कापला. त्याला कळणारसुद्धा नाही.

मर्लला मी हेच सांगते. परत यायचं नसतं तो माणूस ड्रेसिंग गाऊन मागे ठेवत नाही.

कार्पेट मात्र जीव लावून कापलं. सबंध दुपार गेली. दार वाजलं नाही, फोन वाजला नाही. काम करायला तसं बरंच.

२ नोव्हेंबर
पुढची काच सुपरग्लूने चिकटवली. फाटक्या चपलेला चालतो तर काचेला का नाही. सकाळी काच पांढरी, धुकं बसल्यासारखी. पुसली, जात नाही. पण आमच्या गल्लीत नोव्हेंबरात सगळ्याच गाड्यांच्या काचा अशा असतात. उलट जास्तच खरी वाटते.

१५ नोव्हेंबर, शनिवार
उद्या प्रदर्शन. चादरी बदलल्या. कॉटेज पाय केला, खिम्यावर बटाट्याचा थर देऊन, मोठ्या भांड्यात. डेसला वाटाणे आवडत नाहीत, म्हणून वाटाणे घातले नाहीत. नवा ब्लाउज घेतला. मर्ल म्हणाली, "कोणाच्या लग्नाला?"

१६ नोव्हेंबर, रविवार
गाड्यांसमोर नावं नसतात, नुसते नंबर. परीक्षकाला कळू नये म्हणून. मी चहाच्या टेबलापाशी उभी राहिले.

डेस आला. नवं स्वेटर, केस नीट कापलेले. छोटी टॉर्च घेऊन रांगेने बघत आला. माझ्या गाडीशी वाकला आणि नॉर्मनला म्हणाला, "काच सुपरग्लूने. पेडल एकीकडे, स्टिअरिंग भलतीकडे. रंग घाईत. कोणीतरी तापट गृहस्थ दिसतोय." नॉर्मन बिस्किटं मोजायला लागला.

मग डेसने टॉर्च आत धरली आणि तसाच वाकून राहिला. बराच वेळ. उठला, हॉलभर बघत बघत मी सापडेपर्यंत थांबला, आणि आला. माझं वाक्य तयार होतं. पण तोच आधी बोलला. "ग्लेंडा, तो माझा ड्रेसिंग गाऊन आहे."

म्हटलं, हो.

"तो न्यायचा राहिला होता. गुरुवारी येणार होतो, तो आणि डबे घ्यायला."

मी विचारलं, छप्पर? म्हणाला, "छप्पर जूनमध्येच झालं गं." हळू म्हणाला. चिडून नाही. चिडला असता तर मला बोलता आलं असतं.

जाता जाता म्हणाला, "कार्पेट सुरेख कापलंयस. कडा बघितल्या मी."

बक्षीस मिळालं नाही. नॉर्मन म्हणाला, परीक्षकाच्या घरच्यांना देता येत नाही, नियम आहे. म्हणजे क्लबाच्या नियमाने मी अजून घरची आहे. आणि कडांबद्दल तो दुसऱ्या कोणालाच काही बोलला नाही, मी ऐकत होते. गुरुवारी जेवायला थांबणार. कॉटेज पाय फ्रीजमध्ये टाकला, टिकेल.

२० नोव्हेंबर, गुरुवार
आला. हिलरीची व्हॅन घेऊन. डबे नेले, स्प्रेचा पंप नेला, दिवा नेला. ड्रेसिंग गाऊन नेला, भोकासकट. चहा उभ्याने प्यायला. कॉटेज पाय गरम करते म्हटलं, तर म्हणे अंधाराआधी निघायला हवं.

लाल गाडी त्याच्या पुढे केली. म्हटलं, तुझा डबा होता, ने. म्हणाला, "तुझी झाली आता." म्हटलं, मग ती काच तरी बदलून दे. खिडकीशी नेऊन बघितली, परत टेबलावर ठेवली. "तूच कर. कडा कापता येतात तर काचही येईल."

गेला. पण चिमटा विसरला. टेबलावर समोरच होता, बारीक टोकाचा, लाल रंग लागलेला. चिमट्याशिवाय डेसचं पान हलत नाही. चार दिवसांत परत येतो की नाही बघा. फोन करणार नाही. येऊ दे आपणहून.

कॉटेज पाय एकटीने खाल्ला. वाटाणे हवे होते.

२१ नोव्हेंबर, सकाळ
चिमटा माझा आहे. भुवयांचा.