रांगेतली सायकल

प्रिय बाबा,

रागातच लिहितेय, तेव्हा अक्षर वाकडंतिकडं आलं तर चालवून घे. काल आत्याचा फोन आला होता. म्हणाली, दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला तू सांगत सुटला आहेस, की माझ्यामुळे पोरगी शर्यतीतून बाद झाली. नुसती हवा भरायला आलेल्या माणसालाही म्हणे सुटका नाही. आधी वाईट वाटलं आणि मग माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण तू मला सोडून सगळ्या गावाशी बोलतोयस. मी फोन केला की आई घेते आणि म्हणते, ते कामात आहेत. कसलं काम रे एवढं?

नोकरीतली सगळी रजा साठवून जिची तयारी केली, ती शर्यत आपल्या दारावरून जाते हे कळलं तेव्हाच मी सावध झाले होते. या शर्यतीत मागे गाडी नसते, मदतनीस नसतो. डोंगरामागून डोंगर चढायचे, मिळेल तिथे झोपायचं आणि लागेल ते वाटेतल्या दुकानातून इतर गिऱ्हाइकांसारखं घ्यायचं. घरच्या माणसाने खास म्हणून काही केलं की बाद. आणि शेवटच्या मोठ्या खिंडीच्या पायथ्याशी सायकलचं दुकान एकच, तुझं! म्हणून आधीच घरी येऊन तुला समोर बसवून सगळं समजावलं. तू चष्मा कपाळावर चढवलास आणि म्हणालास, मला काय शिकवतेस, इथे नंबर म्हणजे नंबर. मी निर्धास्त झाले. का नाही होणार? शाळेत असताना माझं पंक्चर तू कधी आधी काढलंस? बाकीची पोरं सायकली घेऊन निघून जायची आणि मालकाची मुलगी बाकावर पाय हलवत बसायची. वार्षिक परीक्षेच्या दिवशीसुद्धा. आई म्हणायची, अहो, पोरीचा पेपर आहे. तू म्हणायचास, तिच्या आधी आलाय त्याचाही आहे.

त्या दुपारी मी दुकानात पोचले तेव्हा मागचा ब्रेक पार घासून गेला होता. आधीच्या खिंडीत गारा पडल्या होत्या, बोटं इतकी सुजली होती की हातमोजे कातरीने कापावे लागले. तुझ्या स्टँडवर एका दाढीवाल्याची सायकल टांगलेली होती, गिअरची केबल तुटलेली. हा गडी सुरुवातीपासून माझ्या मागेपुढेच होता. मी तुला स्पष्ट म्हटलं, यांचं झालं की माझी घे. तू मान हलवलीस. मी बाकावर टेकले, पाव चावता चावताच डोळा लागला. जाग आली तेव्हा माझी सायकल दाराशी तयार उभी होती, ब्रेक नवे, चेन पुसूनबिसून लख्ख. त्याची मात्र तशीच भिंतीला टेकवलेली, आणि तो कोपऱ्यात गुडघ्यांत मान घालून झोपलेला. तू हळूच म्हणालास, "नीघ आता. हात बघवत नाहीत तुझे."

बाबा, जन्मभर मला रांगेत बसवलंस आणि ज्या एका दिवशी मला रांगेत बसायचंच होतं, नेमकी त्या दिवशी तुला माया आली! मी तिथेच, तुझ्यासमोर, आयोजकांना फोन लावून सांगून टाकलं. तू विचारलंस, कुणी तक्रार केली होती का? मी म्हटलं, दुकानात कुणी तक्रार करेपर्यंत तू कधी थांबलास का? तू दाढीवाल्याची सायकल उचलून स्टँडवर घेतलीस आणि माझ्याकडे पाठ करून केबल बसवायला लागलास. थोड्या वेळात, मोबाइलवर कोण कुठे पोचलं ते दाखवणाऱ्या शर्यतीच्या नकाशावरून माझा ठिपका गेला. आई रडत होती. तिला म्हटलं, मी परत जाते. तुम्हाला वाटलं मी खालच्या रस्त्याने बस पकडायला गेले. तू वळून बघितलंही नाहीस, आणि खरं सांगू, त्याचा राग अजून गेलेला नाही. बाद झाल्याच्या रागापेक्षा जास्त त्याचाच आहे.

बसने गेले नव्हते मी. तो दाढीवाला निघेपर्यंत वळणावर थांबले आणि त्याच्या मागून खिंड चढले, माझा नंबर होता तिथून. वर बोचरं वारं सुटलं तेव्हा रस्त्याच्या कामगारांच्या शेडमध्ये दोघंही अडकलो. मी त्याची माफी मागायला लागले, तर तो चकित झाला. म्हणाला, तुझ्या वडलांनी मला उठवून विचारलं होतं. म्हणाले, ही माझी मुलगी आहे, हिचे हात बघा, तुम्ही हो म्हणालात तरच हिची आधी घेतो. मीच हो म्हटलं आणि परत झोपलो. म्हणजे बाबा, तू नंबर तोडलाच नव्हतास. नियमाने मी तरीही बादच, घरच्याने खास केलं ते केलंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण हे एक वाक्य माझ्यासमोर बोलायला तुझं काय जात होतं रे? मीही रागाने गप्प बसले, घरात कुणाला काही कळवलं नाही, शेवटी लेक तुझीच. आता आत्याकडून तुझं ते सांगत फिरणं ऐकलं आणि राहवेना, म्हणून हे पत्र. उद्यापासून हवा भरायला येईल त्याला नीट सांग: पोरीने शर्यत पूर्ण केली. निकालात नाव नाही, टाळ्या वाजवायला कुणी नव्हतं, आयोजकसुद्धा सामान आवरत होते, पण शेवटच्या रेषेपर्यंत सायकल चालवत गेले मी, बाबा. पलीकडचा सगळा उतार तुझ्या ब्रेकवर उतरले. आता फोन उचल.

तुझीच,
थोरली