झाकल्या मुठीचं वजन

सोमवार, ३ तारीख

वहिनीच्या कपाला आज कामावरून काढलं! कान तुटलेला चहाचा कप. लग्न होऊन आली तेव्हापासून केकचं सगळं ती त्यानेच मोजते. बेकरीवाले काका आज घरी येऊन केक खाऊन गेले. म्हणाले, झकास, पण माझी पोरं तुमचा कप घेऊन फिरणार का? सगळं ग्रॅममध्ये करून शनिवारी या. पोरांच्या हातून हीच चव आली, तर केकचं काम तुमच्याकडे.

वहिनी दिवसभर खोकी चिकटवायच्या कारखान्यात असते. काका गेल्यावर बोटांवरची खळ खरवडत बसली. तिला हे काम हवंय. फार हवंय.

मंगळवार, ४

दादाने वजनकाटा आणला. आकडे वाचायचं काम माझं! दादा म्हणाला, चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या. म्हणू दे.

आधी मांजर मोजली. ओरबाडलं. मग वहिनीने मैदा ठेवला, तर मी काट्यावर हळूच करंगळी टेकवली — एक कप मैदा अर्धा किलो! वहिनीची पाठ होती माझ्याकडे. तशीच म्हणाली, "करंगळी काढ."

हिला पाठीला डोळे आहेत का?

बुधवार, ५

मैद्याने छळलं. तोच कप, तोच डबा, आणि वजन एकदा १०४, एकदा १२७. मी म्हटलं काटा बिघडला. वहिनी म्हणाली, काटा नाही, हात. डब्यात कप खुपसला की मैदा दबतो. मग तिने चाळला, चमच्याने अलगद भरला, वरून सुरीची पाठ फिरवली. ११०. परत ११०. परत ११०! मी मुद्दाम मध्येच शिंकले. तरी ११०.

साखर सरळ बाई. कशीही भरा, १७२.

गुरुवार, ६

ग्रॅमवर केलेला पहिला केक. गोडमिट्ट! दादा म्हणाला, दातांच्या डॉक्टरशी भागीदारी केलीय काय? वहिनीने सगळं परत मोजलं. आकडे तेच. हनुवटीला हात लावून बसली.

आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. वाडग्यात साखर काढून वहिनी ओव्हन पेटवायला वळते. तेवढ्यात मी मूठभर तोंडात टाकते. दर वेळी! आज मी काट्यावर साहेब होते, खायला वेळ कुठे होता?

म्हणजे ज्या केकचं गाव कौतुक करतं, त्यात माझ्या चोरीचा वाटा आहे. सांगू कुणाला!

शुक्रवार, ७

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी भरली २८ ग्रॅम.

सांगावं तर चोर. न सांगावं तर वहिनी जन्मभर खोकी चिकटवणार. शेवटी नखं खात म्हटलं, साखर १४४ कर, माझा आपला अंदाज. वहिनीने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, बरं.

शनिवार, ८

बेकरीत पोरांनी केक केला. वहिनीने हातसुद्धा लावला नाही, नुसती उभी. काकांनी एक तुकडा खाल्ला, मग दुसरा, मग म्हणाले, सोमवारपासून या. हा १४४ आकडा कुठून काढलात, असंही विचारलं. वहिनी म्हणाली, घरात एक जाणकार आहे.

माझे कान तापले.

रविवार, ९

आज घरी केक. परत कानतुटक्या कपाने. मी शहाण्यासारखी हात मागे बांधून उभी. वहिनीने साखर काढली, वाडगा माझ्या पुढ्यात सरकवला आणि ओव्हनकडे वळली.

"घे की. पहिल्यापासून तुझी मूठ हिशेबात धरूनच भरते मी."

मी गारच! म्हटलं, मग गुरुवारी बोलली का नाहीस?

"चिंगे, तुझी मूठ किती ग्रॅमची, ते मला कुठे माहीत होतं?"