मागची डावी बाजू

नल्लकुंटा, हैदराबाद
ता. २ डिसेंबर

वहिनी,

ओमकारचा नमस्कार. पूर्वी तुमच्या नावाआधी सौ. लिहायचो. आता काय लिहावं कळना, म्हणून नुसतं वहिनी लिहिलं. राग मानू नका. मी बरा आहे. रेणू आता पळते म्हणालात, तिला पाण्याच्या हौदाजवळ जाऊ देऊ नका. अक्षर वाईट आहे, सातवीपुरतंच आहे, सावकाश वाचा.

फोन कर म्हणता. करतो मी, पण तुम्ही हॅलो म्हटलं की हात आपोआप बंद करतो. दादाच्या वर्षाला ये म्हणून तुमचं हे तिसरं पत्र. पहिल्या दोन पत्रांना काम फार आहे असं कळवलं होतं. काम आहेच. या गॅरेजात आल्यापासून मी इथंच टिकलोय, नाहीतर सहा महिन्यांत चार ठिकाणं बदलली. एका जागी बसवत नाही.

आमच्या उस्तादांचं नाव खाजा. शॉकप आणि स्प्रिंगचं काम त्यांच्यासारखं कुणी करत नाही. गिऱ्हाईक आलं की गाडीला हात लावायच्या आधी एकच विचारतात, "गाडी में कौन कौन बैठते?" कारण स्प्रिंग माणसांच्या वजनावर ठरते. गाडीत कायम सात जण असतील तर हार्ड, दोघं असतील तर साधी. हे मी आधी ऐकलं असतं तर.

असो. मागच्या आठवड्यात बरकतपुऱ्याचे एकनाथराव आले. रिटायर वकील, आपल्यासारखे मराठी, पण चार पिढ्या इथंच. त्यांची अठरा वर्षांची मोठी सात सीटर, रणगाड्यासारखी. मागून पार बसलेली. गाडीत ते आणि त्यांची बहीण इंदुताई, एवढी दोनच माणसं. इंदुताईंचं कमरेचं हाड मोडलेलं, डोळ्यांनी पण अंधुक दिसतं.

"हार्ड टाका," एकनाथराव म्हणाले. "पुन्हा बसायला नको."

मी मध्येच बोललो, "नका टाकू साहेब. रिकाम्या गाडीला हार्ड स्प्रिंग टाकली तर ती खड्ड्यात मागून उसळते. मागं बसलेला उडतो."

उस्ताद हसले. "हौ, उस्ताद तू है अब. मैं जाके चाय लाता."

पण ऐकलं त्यांनी माझं. कंपनीची होती तशीच साधी स्प्रिंग टाकली, चारही शॉकप नवे. टेपनं मापलं, चाकाच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत, दोन्ही बाजू सारख्या. मग मी सिकंदराबादपर्यंत ट्रायल मारून आलो. उस्तादांनी पुन्हा टेप लावली तर मागची डावी बाजू दोन बोटं खाली.

स्प्रिंग काढून बघितली, चांगली. डावीची उजवीला लावली, उजवीची डावीला. उस्ताद स्वतः चक्कर मारून आले, सारखी. एकनाथराव मारून आले, सारखी. मी गेलो, डावी खाली. असं तीन दिवस. नंतर आमच्याकडच्या दुसऱ्या दोन गाड्याही माझ्याकडून चालवून बघितल्या. तेच.

"तेरे पीछे कौन बैठता रे?" उस्ताद म्हणाले. हसत म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारलं तेव्हा हसत नव्हते.

मी म्हटलं कुणी नाही.

वहिनी, मला आरशात बघायची भीती वाटायली. आधी मी रस्त्याकडं बघायचो नाही, आरशाकडंच बघायचो. आता आरसा वर वळवून ठेवतो.

आज दुपारी एकनाथराव इंदुताईंना घेऊन आले. म्हणाले, हिला बसवून फिरवून आण, हिलाच विचारू कसं वाटतं. ते गॅरेजात थांबले. इंदुताई मागं उजवीकडं बसल्या. डाव्या बाजूला कुणी नव्हतं, मी दार उघडून बघितलं, हात फिरवून बघितला.

विद्यानगरच्या वळणापर्यंत आलो. मग इंदुताई म्हणाल्या, "तुमचे सोबती बोलत नाहीत का काही?"

मी गिअर बदलला.

"मघापासून बघते, हातात काय धरून बसलेत? जड दिसतंय. त्यांना म्हणावं, ठेवा की खाली. किती वेळ धरणार माणूस."

मी गाडी कडेला लावली. मागं वळून बघितलं नाही. काय धरलं होतं ते पुढं लिहितो.

परत आल्यावर गाडी पुन्हा डावीकडं खाली. एकनाथराव म्हणाले, "बघा, मी म्हणत होतो. काढा ही स्प्रिंग, हार्ड टाका." उस्तादांनी जॅक लावला. इंदुताई बाकावर बसून होत्या, पदर डोक्यावर घेऊन, इतक्या हलक्या. तेव्हा मला बोलावंच लागलं. म्हटलं, गाडीत काही नाही उस्ताद, माझ्यात आहे. मी चालवली नाही की ती नीट राहील. उस्तादांनी जॅक उतरवला. म्हणाले, "घर को लिख. आज लिख."

म्हणून लिहितोय.

तुमच्या मागच्या पत्रात होतं, रेणूला ताप होता, तुम्ही तिला रात्रभर दादाच्या खांद्यावर दिली, त्याला झोपू दिलं नाही, म्हणून गाडी चालवताना त्याचा डोळा लागला. ते वाचून मी पत्र सीटखाली कोंबलं. वहिनी, दादाचा डोळा लागला नव्हता. दादा गाडी चालवतच नव्हता.

मी चालवत होतो. लायसन त्याचं होतं, माझं नव्हतं. देगलूरहून तुमचं शिलाई मशीन आणायचं होतं. दादा म्हणाला, खड्ड्यात आपटून मोडेल, मी मागं बसून धरतो. डावीकडं बसला, दोन्ही हातांनी मशीन कवटाळून. आदल्या आठवड्यात मी आपल्या जीपच्या मागच्या स्प्रिंगला दोन्हीकडं एकेक जादा पाटा टाकला होता, जास्त सवारी बसाव्यात म्हणून. दादा म्हणाला होता, काढ तो, रिकामी गाडी फार उडते. मी म्हटलं, उद्या काढतो. ओढ्याच्या पुलावर मी जोरात होतो. जीप मागून उसळली, दादा मशीनसकट बाहेर फेकला गेला आणि मागं नुसती ताडपत्री फडफडली; जीप कठड्यावर आदळून थांबली. त्यानं मशीन सोडलं असतं तर गजाला धरता आलं असतं.

लोक धावत आले, चालवत कोण होतं विचारलं. मी म्हटलं, दादा. झोप लागली त्याला. मागं मी होतो, मशीन धरून. आमच्या जागा मी तोंडानं बदलल्या. पोलिसांनी तेच लिहिलं. तुम्हीही तेच मानून बसलात आणि त्यात स्वतःला घातलंत.

तुमच्याकडून काही चुकलं नाही. रेणूच्या तापाचा त्यात काही संबंध नाही. हे तुम्ही दहा वेळा वाचा.

मी वर्षाला येतो. बसनं येतो. आधी आपल्या ठाण्यात जाऊन खरं लिहून देईन, मग घरी येईन. दार उघडायचं की नाही ते तुम्ही ठरवा, मी ओट्यावर बसेन. ते मशीन तुम्ही अजून उघडलं नाही असं कळलं. मी आलो की उचलून आत ठेवतो. दादाला आता हात मोकळे करू द्या.

पत्र लिहायला उस्तादांनी मला त्याच गाडीत बसवलंय, पुढं, स्टिअरिंगमागं. बाहेर ते टेप घेऊन उभे आहेत. मघाशी माप घेतलं, दोन बोटं खाली. आत्ता पुन्हा घेतलं. एक बोट.

त्या दिवशी गाडी चालवत होता तो,
ओमकार