पुसलेली काच

चिंचवड, सोमवार, ९ जुलै १९५६
सौ.च्या खाण्यात फरक नाही. उजवे अंग लुळे पडल्यापासून जीभ तोंडात नुसती पडून असते. गिळता येते, पण घास मागे ढकलला जात नाही. चमच्याने घातलेली पेज ओठांच्या कोपऱ्यातून परत येते. मी तत्काळ पुसतो. डॉ. म्हणाले, “शनिवारपर्यंत पाहू. जीभ हलली नाही, तर पुण्यास नेऊन नाकातून नळी.” ‘बरे’ म्हणालो.

मंगळवार, १०
चि. सुमनने कॉलेजच्या प्रॅक्टिकलसाठी पवना नदीतल्या गोगलगायी आणून बरणीत ठेवल्या आहेत. तिच्या पुस्तकातील आकृती पाहिली. गोगलगायीची जीभ म्हणजे बारीक दातांच्या ओळी बसवलेली फीत; आमच्या कारखान्यातील कानशीसारखी. पुढचे दात झिजतात, मागून नवे येत राहतात. व्यवस्था उत्तम.
बरणी आतून फार हिरवट झाली होती. घासून, पुसून लख्ख केली. पाणी बदलले.
सौ. - पूर्ववत.

गुरुवार, १२
सुमन संतापली.
“अण्णा, काच कोणी पुसली?”
“मी. घाण झाली होती.”
“घाण नव्हती ती, त्यांचं जेवण होतं! शेवाळ खरवडून खातात त्या. आता बसल्यात उपाशी.”
काम वाईट झाले नव्हते, एवढेच म्हणालो.
सखूबाई, चिखलीहून सौ.च्या शुश्रूषेस येतात त्या, दारातूनच: “बाईंचं त्वांड पुसून पुसून जीव भरंना व्हय, सायेब? आता गोगलगाईचंबी पुसाय लागलात!”
सुमनला हसू आवरेना. या घरात कोणी हसल्याचा आवाज फार दिवसांनी ऐकला. मला हसू आले नाही.

शुक्रवार, १३
सकाळी सौ.ला पेज भरवीत असता सुमनची हाक आली. हौदातले शेवाळ तिने काचेला आतून चोपडले होते. एक गोगलगाय त्यावर चढली होती. बाहेरून तोंड स्पष्ट दिसते. उघडते, फीत बाहेर येते, खालून वर खरवडते, आत जाते. मागे स्वच्छ पट्टा राहतो. पुन्हा तेच. किती वेळ उभा होतो, कळले नाही.
रुमाल माझ्याच हातात राहिला होता. परतलो, तो सौ.च्या खालच्या ओठावर उजवीकडे पेज तशीच वाळलेली. डावीकडे नव्हती. हनुवटीवर ओघळ नाही. उशीही कोरडी.
सखूबाईंना विचारले, “तुम्ही पुसलेत?”
“म्या न्हाई बा. म्या तर हितं भांडी घासतीया.”
सुमनला विचारण्याचे कारण नव्हते. ती माझ्या शेजारीच होती.
कारखान्यात उशिरा पोचलो. आजवर असे...

शनिवार, १४
अर्धा दिवस. दुपारी सौ.च्या ओठावर डाव्या बाजूस मध लावला आणि बसलो. पुसण्यास हात जात होता, म्हणून रुमाल सुमनच्या स्वाधीन केला.
मध ओघळू लागला. सौ. छताकडे पाहत होती. मग जिभेचे टोक दातांपर्यंत आले. थांबले. आत गेले.
“आली होती ना, अण्णा?”
“दिसली.”
“पुन्हा येईल?”
एवढ्याला हलणे म्हणायचे किंवा कसे, ते डॉ. ठरवतील. सायंकाळी यायचे आहेत. पुण्याच्या तयारीची पिशवी सखूबाईंनी भरून दाराशी ठेवली आहे.
आता हे लिहीत असता फाटक वाजले. मध अजून ओठावर आहे. पुसलेला नाही.