गाडी येईपर्यंत

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
बारक्याचा सा. न. वि. वि.

फोनवर मापं सांगितली की तू ऐकतेस एक आणि लिहून घेतेस भलतंच, म्हणून हे पत्र. तुझ्या दुकानाची इमारत पाडणार हे कळल्यापासून डोक्यात तेच घोळतंय. वीस वर्षं त्या एका खिडकीशी बसून शिवलंस, आता कुठे जाणार? आमच्याकडे ये. झोपायला वरची खोली आहे आणि कामाला गॅरेज.

हसू नकोस. गॅरेज दहा फूट रुंद, सोळा फूट लांब, उंची साडेनऊ. गाडी सकाळी आठला माझ्याबरोबर जाते ती संध्याकाळी सहाला येते. म्हणजे दहा तास एवढी जागा नुसती हवा खात पडलेली! कारखान्याच्या गोदामात मी दुसरं काय करतो? जमीन चालायला आणि भिंत ठेवायला, हे नव्या माणसांना पहिल्याच दिवशी सांगतो. तुझं कापायचं टेबल भिंतीला बिजागरीने लावू. काम संपलं की उचलायचं आणि कडी घालायची. मशीनला चाकं. तयार कपड्यांना छताखाली आडवा पाइप. गाडीच्या बॉनेटवर चार-पाच फूट मोकळेच असतात, तिथे चार कोट लटकले तर गाडीला काय कळणार?

बायकोला विचारलं. ती म्हणाली, विचारत काय बसलास, आधी कळव. म्हणून कळवतोय.

तुझा,
बारक्या

११ फेब्रुवारी

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

पत्र वाचून आधी हसलेच. तुझी व्यवस्था मला ठाऊक आहे. दप्तरात सगळं मावेना म्हणून पाचवीत पुस्तकांचे पुठ्ठे फाडून टाकले होतेस, आणि वर मलाच समजावत होतास की आतला मजकूर शाबूत आहे.

आता माझ्या अडचणी ऐक. उजेड मला डाव्या बाजूने लागतो. टेबल पाच बाय तीनपेक्षा लहान चालणार नाही, त्यावर कोट पसरत नाही. इस्त्रीचा पॉइंट वेगळा हवा, नाहीतर मी इस्त्री लावायची आणि तुमच्या घरातले दिवे जायचे. फरशीवर ऑइलचे डाग असतील. पांढरं कापड एकदा खाली पडलं की गिऱ्हाइकाला तोंड कसं दाखवू? आणि गिऱ्हाईक माप द्यायला, घालून बघायला कुठे उभं राहील, याचा विचार केलास का?

एवढं सगळं लिहिलं, पण खरं सांगू? तुझं पत्र आलं त्या दिवशी नीट जेवले. चौपन्नाव्या वर्षी नवं दुकान शोधत उन्हातान्हात फिरायचं माझ्या गुडघ्यांच्या जिवावर आलं होतं. तुझ्या बायकोला माझा आशीर्वाद सांग. ती मनापासून हो म्हणाली ना, ते मात्र पुन्हा एकदा विचार.

तुझी,
ताई

२६ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं! फरशी घासून वर जाड लिनोलियम अंथरलं. टेबल पाच बाय तीन, सुताराने एकदा उलटं बसवलं, दुसऱ्यांदा सुलटं. रिळांसाठी फळीवर दीडशे खिळे मी स्वतः ठोकले, त्यातला एक अंगठ्यावर. इस्त्रीचा पॉइंट वेगळा. कोपऱ्यात गोल कडीवर पडदा, तिथे गिऱ्हाईक उभं राहील. उजेड डावीकडून यावा म्हणून मशीन शटरकडे तिरकं ठेवायचं ठरवलंय. सगळं आवरून गाडी आत यायला अकरा मिनिटं लागतात, मी घड्याळ लावून पाहिलं. बायको म्हणते, गोदामात तरी इतका खुशीत असतोस का?

सामान टेम्पोत घाल आणि निघ. वाट पाहतोय.

तुझा,
बारक्या

२० जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू फोन उचलत नाहीस. उचलू नयेस असंच मी वागलोय. पत्ता तुझ्या जुन्या दुकानाशेजारच्या चष्मेवाल्याकडून मिळवला. त्याच्यावर रागावू नकोस, मी फार अजीजी केली.

त्या मंगळवारचं तुला काय सांगणार, तू समोरच होतीस. तरी लिहितो, कारण माझ्या तोंडून ते अजून कुठेच बाहेर पडलेलं नाही. मोठ्या साहेबांची गाडी दुरुस्तीला गेली होती, म्हणून त्यांना मी घरी सोडणार होतो. वाटेत चहाला चला म्हणालो. बढतीच्या यादीत माझं नाव होतं, हे तुला माहीत होतं. आम्ही साडेपाचलाच पोचलो. मी हॉर्न वाजवला. तू तोंडात टाचण्या धरून टेबल उचलायची धडपड करत होतीस आणि मी गाडीत बसून बघत राहिलो. उतरून हात लावला नाही.

साहेब आत आले, वर पाहिलं, पाइप पाहिला, रिळांची फळी पाहिली. म्हणाले, वा, जागेचा काय उपयोग केलाय! मग तुझ्याकडे बघून विचारलं, या कोण? आणि मी म्हणालो, शिवणकाम करतात, दिवसापुरतं भाड्याने दिलंय.

ताई, मी आधी काही ठरवलं नव्हतं. बहीण म्हटलं तर हा माणूस बहिणीला गॅरेजमध्ये बसवतो असं त्यांना वाटेल, आणि भाडेकरू म्हटलं तर मी हुशार दिसेन, एवढं सगळं त्या एका क्षणात माझ्या डोक्यात येऊन गेलं. ते इतक्या चटकन आलं याचीच मला जास्त लाज वाटते.

तू टाचण्या काढून उशीत खोचल्यास. साहेबांच्या कोटाचं बटण लोंबत होतं, ते तू उभ्या उभ्या लावून दिलंस. किती झाले, असं त्यांनी विचारलं तर म्हणालीस, राहू द्या, घरमालकांचे पाहुणे आहात. घरमालक! ज्या मशीनवर शिवून तू माझ्या कॉलेजची फी भरलीस, त्याच मशीनला हात टेकून तू मला घरमालक म्हणालीस आणि मी साहेबांना म्हणालो, चला, वर चला.

त्या दिवशी जेवताना तू मीठ मागितलंस. मी मीठ दिलं आणि टायरच्या भावाबद्दल बोलत बसलो. पुढचे चार दिवस मी तुझ्याशी नीट बोलायचं टाळलं. तू ते पाहिलंस आणि गिऱ्हाइकांचे राहिलेले कपडे संपवत राहिलीस. पाचव्या दिवशी घरी आलो तर शटर खाली, आत झाडून लख्ख केलेलं आणि टेबल भिंतीला लावून कडी घातलेली. मला गाडी सरळ आत नेता यावी म्हणून.

क्षमा मागतो. पण ती कोणत्या तोंडाने मागायची ते कळत नाही.

बारक्या

२ जुलै

ताईंना सा. नमस्कार.

यांच्या पत्राला तुम्ही उत्तर दिलं नाहीत, ते बरोबरच केलंत. मी त्यांची वकिली करायला लिहीत नाहीये. त्या दिवशी मी वर चहा करत होते, मला काहीच माहीत नव्हतं. तुम्ही जाताना गुडघ्याचं औषध, जवळच्या बाजारात खोली, असं काहीबाही सांगितलंत आणि मी विश्वास ठेवला. खरं काय ते यांनी तुम्हाला पत्र टाकून आल्यावर सांगितलं. दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

एवढंच कळवते की गाडी हल्ली रस्त्यावर उन्हात उभी असते. आत आणत नाहीत. टेबल खाली उतरवून ठेवलंय आणि घरी आले की तिथे जाऊन बसतात. मी विचारलं, काय करता? तर म्हणाले, काही नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं की शिवणाऱ्या बाई गेल्या का, तर हे त्यांना थांबवून म्हणाले की ती माझी थोरली बहीण आहे. त्या म्हणाल्या, अहो, ते आम्हाला ठाऊकच आहे, ताईंनीच पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं की भावाने माझ्यासाठी दीडशे खिळे ठोकले. हे ऐकून घरात आले ते जेवलेच नाहीत.

तब्येतीला जपा. मला तरी चार ओळी लिहा.

तुमची,
भावजय

१४ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

काल साहेबांच्या खोलीत गेलो. दार लावून घेतलं. घरून पाठ करून गेलो होतो. म्हणालो, त्या दिवशी गॅरेजमध्ये ज्यांनी तुमच्या कोटाचं बटण लावलं त्या भाडेकरू नव्हत्या, माझ्या सख्ख्या ताई होत्या, त्यांनी मला वाढवलं, आणि मी तुमच्याशी खोटं बोललो.

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, कोणतं बटण?

त्यांना तू आठवत नाहीस, ताई. बटण आठवत नाही, मी काय म्हणालो तेही आठवत नाही. त्यांना फक्त भिंतीवरचं टेबल आठवत होतं आणि त्या सुताराचा पत्ता हवा होता. तो लिहून दिला. बढतीचं पत्र आदल्याच दिवशी निघालं होतं, मी गोदामाची नवी मांडणी केली त्याबद्दल. म्हणजे तुला नाकारून मी मिळवलं काहीच नाही. कुणी मागितलंही नव्हतं.

इथे परत ये असं म्हणणार नाही. त्या जागेत बस म्हणायचा हक्क मी घालवला. मी तुझ्याकडे येऊ का? दारात उभा करून बोललीस तरी चालेल.

तुझा,
बारक्या

२५ जुलै

चि. बारक्यास,
अ. उ. आ.

तीन पत्रं एकदम समोर ठेवून लिहायला बसले आहे. भावजयीला वेगळं लिहीन. तिचा यात काही दोष नाही.

तू भाड्याचं बोललास तेव्हा मला राग आला असेल असं तू धरून चाललास. राग नंतर आला, आणि तोही अर्धा माझाच मला. घरमालक हा शब्द तुला टोचावा म्हणून मी वापरला नव्हता. तुझा चेहरा पडलेला दिसला आणि तुला सांभाळून घ्यायची लहानपणापासूनची सवय आपोआप पुढे आली. शेजाऱ्यांच्या खिडकीची काच तू फोडलीस तेव्हाही माझ्या हातून फुटली म्हणून सांगायला मीच गेले होते. पण तेव्हा मी सोळा वर्षांची होते. चौपन्नाव्या वर्षी आपल्याच भावाच्या खोटेपणाला मी सुईदोऱ्याने टाका घालून दिला, याची मला लाज वाटली. तिथे राहिले असते तर रोज सहा वाजता टेबल उचलताना तीच वाटत राहिली असती. म्हणून निघाले. साहेबांना काही आठवत नाही हे वाचून मला हसू आलं, आणि मग बराच वेळ काही शिवता आलं नाही.

इथे खालच्या मजल्यावर एक खोली मिळाली आहे. तुझ्या गॅरेजच्या निम्मी असेल, पण दिवसभर माझी. कापड कॉटवर कापते. उजेड मागून येतो, त्यामुळे माझीच सावली कापडावर पडते. गिऱ्हाईक हळूहळू येतंय.

तू येऊ का विचारतोस. ये. पण लगेच नको, आठ-दहा दिवस जाऊ देत. त्याचं कारण सांगायला मला जड जातंय, तरी तू एवढं लिहिलंस तर मीही लिहायला हवं. खोली घेतली त्या दिवशी मालकीणबाईंनी विचारलं की तुम्हाला कोण कोण आहे. मी म्हणाले, कुणी नाही. भाऊ वगैरे, असं त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हणाले, नाही. बिचारी तेव्हापासून रोज सकाळी माझी चौकशी करून जाते, मला एकटीला कसं वाटत असेल म्हणून.

आता वर जाऊन त्यांना खरं सांगायचं आहे. दोनदा जिन्यापर्यंत जाऊन आले. तू साहेबांच्या खोलीचं दार लावून घेतलंस म्हणतोस, ते कसं जमवलंस?

माया आटलेली नाही. तूही आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई