चुकून आलेला कागद

आबा,

पाचगणीत मी ज्या हॉटेलात कामाला आहे, तिथलं फॅक्स मशीन अजून चालू आहे. एका बँकेच्या साताऱ्याच्या ऑफिसचा नंबर आमच्या नंबरसारखाच आहे. त्यामुळं त्यांच्या खातेदारांचे कागद चुकून आमच्याकडं येतात. मी ते न वाचता फाडते आणि बँकेला कळवते.

गेल्या आठवड्यात आलेल्या कागदावर तुमचं नाव दिसलं. खाली लिहिलं होतं, 'अर्धांगवायूमुळे खातेदारास सही करता येत नाही, अंगठा ग्राह्य धरावा.' पलटणीतून आलेल्या पत्रांखाली तुमची केवढी ऐटदार सही असायची! मी काउंटरवरच रडले.

आईला फोन केला. "बरं हाय गं सगळं," ती म्हणाली. मागून तुमचा जड झालेला आवाज आला, "कोण हाय?"

"राँग नंबर," म्हणत तिनं फोन ठेवला. मी जातीबाहेर लग्न केल्यापासून तुम्ही घरात माझं नाव काढू देत नव्हता. ती तरी काय करणार?

रविवारी मी वडूजला आले. मला बघताच तुम्ही डाव्या हातानं उजवा हात गोधडीखाली ओढून घेतलात.

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाई. आठवण आली म्हणून आले."

तुमचे डोळे भरले. आईला म्हणालात, "बघ, आपली आपण आली. लय माया हाय पोरीला."

आबा, तो कागद आला नसता तर मी आले नसते. हे खरं सांगावं म्हणून लिहायला बसले. पण 'आपली आपण आली' म्हणतानाचे तुमचे भरलेले डोळे आठवतात. हे पत्र मी तुमच्यापर्यंत येऊ देणार नाही.

तुमचीच,
सोनिया